उत्तर ठाऊक नसलेले प्रश्न

कुंभकोणमहून तंजावरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर तिरुवलंचुळी येतं. तिथल्या कपर्दीश्वराच्या देवळात महादेवापेक्षा गणपतीचाच बोलबाला जास्त. हा श्वेत विनायक समुद्राच्या फेसाचा, अशी श्रद्धा. म्हणून त्याला पाण्याचा अभिषेक नाही, नुसती भीमसेनी कापराची पूड वाहतात. जवळच स्वामिमलैला त्याचा धाकटा भाऊ मुरुगन. तिथली कथा अशी की ओंकाराचा अर्थ ब्रह्मदेवाला सांगता आला नाही, तो मुरुगनाने सांगितला. आणि ऐकायला प्रत्यक्ष बाप, शंकर, शिष्य होऊन पोरापुढे बसला.

विद्यारंभाचा देव एका अंगाला, बापाला शिकवणारा मुलगा दुसऱ्या अंगाला. अशा शेजारात वाढणाऱ्या सातवीतल्या पोराच्या वहीत काय असेल? माझा अंदाज असा की सांगली-साताऱ्याच्या पोराच्या वहीत असतं तेच. तमिळ पोर पानाच्या माथ्यावर गणपतीची छोटी वेटोळी खूण काढतं, आपलं पोर श्री लिहितं, एवढाच फरक. खाली ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’, ‘कोण कोणास म्हणाले’, ‘गाळलेल्या जागा भरा’. उत्तर म्हणजे धड्यातलंच वाक्य, पुढे ‘कारण’ जोडलेलं. त्याखाली लाल बरोबरची खूण. पहिल्या वह्यांत ती नीट उत्तरापाशी असते, गठ्ठा संपत येतो तशी पानभर ताणली जाते. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला दर शिक्षकामागे 35 मुलं धरली आहेत. 35 वह्यांत एकच वाक्य 35 वेळा वाचायचं, तर कोणाचाही हात असाच चालेल.

गृहपाठावर आपल्याकडे वाद होतो तो वेळेचा. 2018 साली मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीचा गृहपाठ बंद करायला सांगितलं. 2020 च्या केंद्राच्या दप्तर धोरणात सहावी ते आठवीला रोज फार तर एक तास, असं माप आलं. माप चांगलंच आहे. पण तो तास कशाचा? ज्या प्रश्नाचं उत्तर बाईंना ठाऊक, गाईडात छापलेलं, शिकवणीच्या दादाला पाठ आणि आता मोबाइललाही तोंडपाठ, तो प्रश्न पोराला घरी नेऊन विचारण्यात हशील काय? विचारणाऱ्याला खरोखरच काही जाणून घ्यायचं नाही, हे बारा वर्षांच्या मुलाला पहिल्या ओळीतच कळतं. मग ते उतरवून काढतं. त्याला लबाडी म्हणणं मला जड जातं; प्रश्न जसा, तसं उत्तर.

याच कुंभकोणमात 1880 साली एक गृहपाठ दिला गेला. सरकारी कॉलेजात नुकतेच तमिळचे अध्यापक झालेले उ. वे. स्वामिनाथ अय्यर (नावही स्वामिमलैच्याच देवाचं) गावात आलेल्या मुन्सफाला भेटायला गेले. मुन्सफ म्हणजे सेलम रामस्वामी मुदलियार. काय काय वाचलंत, असं त्यांनी विचारलं. अय्यरांनी पाठ केलेल्या ग्रंथांची लांबलचक यादी म्हणून दाखवली. मुदलियारांवर काडीचा परिणाम झाला नाही. ते सगळं ठीक, पण जुने ग्रंथ वाचलेत का, ‘जीवक चिंतामणी’ वाचलंय का, एवढंच ते विचारत राहिले आणि पुढे त्याची हस्तलिखित प्रत त्यांनी हातात ठेवली. मुन्सफाला त्या ग्रंथात काय आहे ते खरंच हवं होतं. सांगणारं कोणी भेटत नव्हतं. काव्य जैन, अय्यर शैव. शब्द अडले तेव्हा कॉलेजातला हा पंडित कुंभकोणमच्या जैन घरी जाऊन अर्थ विचारू लागला. 1887 साली ग्रंथ छापून निघाला, आणि मग प्राचीन तमिळ संगम साहित्याचा मोठा भाग त्याच हातांनी उजेडात आणला.

त्याच 1887 मध्ये जन्मलेल्या रामानुजनांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्यातला गाईडाचा भाग कोणी सांगत नाही. कुंभकोणमच्या टाऊन हायस्कूलात असताना, 1903 च्या सुमारास, त्यांच्या हाती कारचं पुस्तक पडलं. हा कार म्हणजे केंब्रिजच्या परीक्षेची तयारी करून घेणारा खासगी शिकवणीवाला. 5000च्या आसपास सूत्रं एकाखाली एक, सिद्धता बहुतेक ठिकाणी त्रोटक, नाहीतर नाहीच. म्हणजे गाईडच, पण उत्तरामागची वाट मिटवलेलं. ती वाट रामानुजन स्वतः शोधत. कागद महाग, म्हणून पाटीवर मांडत आणि कोपराने पुसत. पुढे कॉलेजात हाच मुलगा इंग्रजीत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. त्यांनी इंग्रजीकडे दुर्लक्ष केलं हे खरंच. परीक्षकाचं फारसं चुकलं, असं मी म्हणणार नाही.

इथे कोणी म्हणेल, थोरांची उदाहरणं पुरे, सातवीतल्या मुलाला आधी वाचता तर येऊ द्या. बरोबर आहे. 2022 च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या सुमारे 30 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला नव्हता. त्यांना कित्ता हवा, सराव हवा. ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ ही त्यांची चेष्टाच. पण त्यांच्यासाठीही खरा प्रश्न घरीच असतो. ज्या आईला वाचता येत नाही तिला धड्यात काय आहे ते खरोखरच ठाऊक नसतं. भात रटरटत असताना तिला तो मोठ्याने वाचून दाखवायचा. अडखळलं तर ती विचारणार, मग पुढे काय झालं? स्वामिमलैचा बाप नाहीतरी दुसरं काय करतो?

आपल्या सरकारने 2023 मध्ये बालभारतीच्या पुस्तकांतच कोरी पानं घालून पाहिली आणि नंतर तो बेत गुंडाळला. कोरं पान दिलं म्हणून प्रश्न सुचत नाही. प्रश्न साधे असतात. कुंभकोणम-तंजावरकडे मराठी घरं आहेत, साडेतीनशे वर्षांची. तंजावरच्या सरफोजी राजांच्या छापखान्यात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या तेव्हा पुण्यात पेशवाई होती. आज त्या घरांतली मुलं शाळेत तमिळ आणि इंग्रजी लिहितात. मराठी असते ती बोलण्यात, आजीच्या तोंडी. बाई तमिळ, त्यांना ही मराठी येत नाही. तेव्हा आजी रागावली की काय काय म्हणते ते तमिळ लिपीत लिहून आण आणि शेजारी अर्थ दे, हा त्या बाईंनी द्यायचा गृहपाठ. तो गाईडात नाही. कोल्हापुरातल्या बाईंनी विचारावं, तुमच्या घरी शेवटचं पत्र कोणाचं आलं, ते अजून आहे का? किंवा रस्त्यावरची एक पाटी जशी आहे तशी लिहून आणा, चुकीसकट, आणि ती रंगवणाऱ्याला गाठून चूक कशी झाली ते विचारा.

अडचण तपासण्याची आहे, ती मी टाळत नाही. 35 वेगळी उत्तरं रोज वाचणं कोणाही शिक्षकाला झेपणार नाही. मग रोज सात वह्या घ्याव्यात. पाच दिवसांत वर्ग होतो. ऱ्हस्वदीर्घ दुसऱ्या फेरीला बघावं. आणि बरोबरच्या खुणेऐवजी समासात एक प्रश्न लिहावा, आजी हे कोणाला म्हणाली होती?