थांबणाऱ्यांचा प्रश्न

'यू-९' ही जर्मन पाणबुडी १९१० साली आरमारात दाखल झाली. पाण्यावर असताना तिची इंजिने रॉकेलवर चालत व त्यांचा धूर दुरून दिसे. अशा या ओबडधोबड यंत्राने २२ सप्टेंबर १९१४ रोजी, हॉलंडच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर, दीड तासाच्या आत तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या. चौदाशेहून अधिक माणसे मेली.

प्रथम 'अबूकीर' बुडू लागली. ती सुरुंगावर आदळली असावी, अशा समजुतीने 'होग' व 'क्रेसी' मदतीस आल्या, थांबल्या. कप्तान ओटो वेडिगेनने थांबलेल्या नौकांवरच टॉर्पेडो सोडले. त्या युद्धनौका होत्या. युद्धाच्या नियमांप्रमाणे त्याचे चुकले नाही, हे मान्य केले पाहिजे.

मन अधिक अस्वस्थ होते ते त्यानंतरच्या ब्रिटिश हुकुमाने : धोक्याच्या पाण्यात मोठ्या युद्धनौकांनी बुडणाऱ्यांसाठी थांबू नये. हिशेब बिनचूक होता. थांबल्यामुळेच तर दोन नौका गेल्या. पण दयेला मनाई करणारा हुकूम योग्य असू शकतो काय? शेकडो खलाशांचे प्राण ज्याच्या हाती, त्याने दुसरे काय लिहावे? मला उत्तर सापडत नाही.

त्याच सकाळी 'फ्लोरा' हे तटस्थ हॉलंडचे लहानसे मालवाहू जहाज तेथे आले. टॉर्पेडोचे भय त्यालाही होतेच. ते थांबले, आणि २८६ जणांना घेऊन आयमॉयडन बंदरास लागले.