वाचक कोण?

झांबियात लुसाका येथील विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने १९८७ साली ‘क्वेस्ट’ नावाचे नियतकालिक काढले. आफ्रिकी चिंतनाला स्वतःचे व्यासपीठ हवे, हा हेतू. भाषा मात्र इंग्रजी आणि फ्रेंच, आणि पुढे त्याचा कारभारही नेदरलँड्समधून चालू लागला. नियतकालिक चालवणे काय असते हे आपणही जाणतो, तेव्हा दोष कोणाला द्यायचा नाही. पण आफ्रिकेचा विचार आफ्रिकेतल्या कोणासाठी छापला जातो, हा प्रश्न उरतोच.

बेनिनचे पॉलिन हुंतोंजी (१९४२-२०२४) यांनी तो कठोरपणे विचारला. प्लासीद टेम्पल्स या बेल्जियन मिशनऱ्याने १९४५ मध्ये बांटूंच्या तत्त्वज्ञानावर पुस्तक लिहिले, तेही आदराने. हुंतोंजींचा आक्षेप असा की त्यात बांटू हा विषय आहे, वाचक नाही. त्याच्याविषयी युरोपियनांशी बोलणे चालले आहे. आफ्रिकी विद्वानही पुढे त्याच वाटेने गेले.

घानाचे क्वासी विरेडू (१९३१-२०२२) यांनी एक कसोटी दिली. बाहेरून आलेला तात्त्विक प्रश्न आपल्या भाषेत मांडून पाहा. तिथे तो विरून गेला तर कदाचित तो त्या परक्या भाषेचाच प्रश्न असेल. त्यांच्या अकान भाषेत ‘असणे’ म्हणजे कुठेतरी असणे. देकार्तचे ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ ऐकून अकान माणूस विचारील, आहेस, पण कुठे? एवढ्याने देकार्त खोटा ठरत नाही, हेही विरेडू बजावतात.

हे सगळे त्यांनी इंग्रजीतच लिहिले आणि पुष्कळ वर्षे फ्लोरिडात शिकवले. याला ढोंग म्हणणे मला पटत नाही. इंग्रजीमुळेच अकान आणि योरुबा अभ्यासक एकमेकांना वाचू शकतात. तरीही ज्यांच्या भाषेतून पुरावा घेतला, त्यांपैकी इंग्रजी न येणाऱ्याला तो तपासता येत नाही. हे मला नैतिक देणे वाटते. अरबीत ‘हक’ म्हणजे सत्यही आणि देणेही. मराठीत तो ‘हक्क’ होऊन आला आणि केवळ मागण्याची वस्तू झाला. ज्याच्याविषयी बोललो त्याला ते ऐकवणे, हाही त्याचा हकच.

आता आपल्याकडे पाहू. मोहल्ल्याविषयी मराठीत लिहिताना आपण ‘इद्दत’ शब्दाला टीप जोडतो. टीप देण्यात गैर काही नाही. पण हळूहळू सगळा लेखच टीप होऊन बसतो.

मी इद्दतीवर लिहिलेला एक लेख फुफीला वाचून दाखवला. तिने स्वतः चार महिने दहा दिवस पाळलेले. तिसऱ्या परिच्छेदाला तिने मला थांबवले. “ये तू किसकू बता रहा रे?”