देवाचे वाहन आणि घोड्याचे पोट

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत वाडी रत्नागिरीचा डोंगर गुलालाने माखून जातो. सासनकाठ्या डोलतात, 'जोतिबाच्या नावानं चांगभलं'चा गजर उठतो, खोबऱ्याची उधळण होते आणि माणसांच्या हातांत दवण्याच्या जुड्या दिसतात. दवणा जोतिबाला प्रिय, आणि जोतिबाचे वाहन घोडा. कोल्हापूरच्या मुलखात घोड्याकडे नुसते जनावर म्हणून कुणी पाहत नाही, याचे एक कारण या डोंगरावर आहे. दुसरे कारण छत्रपतींची पागा. शाहू महाराजांचे घोड्यांचे वेड आणि त्यांची खडखडा ही घोडागाडी यांच्या गोष्टी इथल्या घराघरांत अजून सांगितल्या जातात.

जो प्राणी देवाला वाहून नेतो, त्याला काहीतरी चांगले खाऊ घालावे असे कुणालाही वाटेल. घोडे पाळणाऱ्यांकडे चंदीत मसाला मिसळण्याची रीत जुनीच आहे. ओवा, सुंठ, मेथ्या, बडीशेप, हिंग, सैंधव असे सगळे स्वयंपाकघरातलेच जिन्नस. त्यांनी वारा सरतो, भूक लागते, पोट हलके राहते, असा समज. युरोप-अमेरिकेतही वाळवलेला पुदिना, रोझमेरी, ओरेगॅनो, कॅमोमाइल अशी पाने 'आतड्यांच्या आरोग्यासाठी' म्हणून घोड्यांना चारली जातात. माणसाच्या पोटाला जे मानवते ते घोड्याच्या पोटालाही मानवेल, हा भरवसा दोन्हीकडे सारखाच.

इथे एक जुना धर्मप्रश्न उभा राहतो. देणाऱ्याचा भाव शुद्ध असला, की दान पुरे होते का?

देवाच्या बाबतीत भक्तिपरंपरेचे उत्तर ठाम आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत पान, फूल, फळ, पाणी यांवर समाधान मानतो. भक्तीने दिले की झाले. दवण्याची काडी ताजी की सुकी, मूठभर की चिमूटभर, याचा हिशेब मूर्तीपुढे होत नाही. देवाला भाव पुरतो. पण घोड्याला पोट आहे, आणि ते देणाऱ्याचा भाव पाहून चालत नाही. पूज्य मानलेला जिवंत प्राणी या दोहोंच्या मधोमध उभा असतो. त्याला हार घालताना आपण त्याला देवाच्या जागी बसवतो, आणि त्याच हाताने त्याच्या तोंडापुढे खाणे धरतो. गफलत होते ती या क्षणी.

घोड्याचे पोट मोठे विलक्षण आहे. एवढ्या थोरल्या जनावराचे जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचे. त्याला उलटी करता येत नाही. गिळलेले परत फिरत नाही. जठरात आम्ल रात्रंदिवस पाझरत राहते, चारा समोर असो वा नसो. म्हणून त्याला सतत थोडे थोडे चरायला लागते. मोकळ्या रानात घोडा दिवसाचे सोळा-सोळा तास चरतो. चाऱ्यातला तंतुमय भाग पचतो तो पुढे, अंधांत्र आणि मोठ्या आतड्यात. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर घोड्याचा बराचसा पिंड पोसला जातो. पाचशे किलोच्या घोड्याला रोज साडेसात ते दहा किलो सुका चारा लागतो. कडबा, वाळले गवत, लसूणघास हे त्याचे खरे अन्न. धान्य आणि गूळ एकदम जास्त झाले, तर हे आंबवणे बिघडते, लॅक्टिक आम्ल वाढते, पोटशूळ उठतो, कधी खुरांच्या आतल्या पडद्यांना सूज येऊन घोडा कायमचा लंगडा होतो. कोल्हापूरचा गूळ २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळवून बसला. अशा गावात प्रेमापोटी पुढे केलेला गुळाचा खडा नको म्हणायला मन धजत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण प्रत्येक येणाऱ्याचा एकेक खडा मिळून किती होतो, हे त्या येणाऱ्यांपैकी कुणालाच दिसत नसते.

मग वाळवलेल्या पानांचे आणि बियांचे काय? ती गुळाइतकी धोक्याची नाहीत, पण निरुपद्रवीही नाहीत. ओव्याला वास देते ते थायमॉल. थायमॉल जंतू मारते, म्हणून तर ते दंतमंजनात आणि गुळण्यांच्या औषधात घालतात. परंतु घोड्याचे अर्धे पचन जंतूंच्याच हाती सोपवलेले असताना मुठी भरभरून ओवा घालणे म्हणजे घरच्या गड्यांवरच काठी उगारणे. दवणा ज्या आर्टेमिसिया कुळातला, त्याच कुळातल्या किरमाणी ओव्यापासून सँटोनिन हे जंतावरचे औषध निघत असे. जादा झाले की माणसाला सगळे पिवळे दिसू लागे. याच कुळातल्या एका चिनी वनस्पतीतून हिवतापावरचे आर्टेमिसिनिन काढणाऱ्या तू यूयू यांना २०१५ साली नोबेल मिळाले. ज्या कुळात एवढी ताकद आहे, त्यातले पान 'नुसता सुवास' म्हणून तोबऱ्यात टाकता येत नाही. आणि मिरचीचे उदाहरण तर कोल्हापूरकरांनी लक्षात ठेवावे असे. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेतले काही घोडे कॅप्सायसिन सापडल्यामुळे बाद झाले आणि नॉर्वेच्या संघाला त्यापायी कांस्यपदक गमवावे लागले. मिरचीचा तिखटपणा ज्यातून येतो तेच हे द्रव्य. आपल्या फोडणीतले जिन्नस घोड्याच्या अंगी औषध म्हणून उतरतात, आणि औषधाला मात्रा असते.

घोड्याला स्वतःला काय वाटते, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. इंग्लंडमधील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात तबेल्यातल्या आठ घोड्यांपुढे पंधरा निरनिराळ्या स्वादांचे खाद्य ठेवून पाहिले. सगळ्यांत वर आली मेथी. तिच्यापाठोपाठ केळे, चेरी, रोझमेरी, आणि पाचवे जिरे. गाजर, पुदिना आणि ओरेगॅनो त्यानंतर. सफरचंद आणि गाजर ही घोड्याची ठरलेली आवड, असे मानणाऱ्या जगाला मेथी आणि जिरे पुढे गेल्याचे नवल वाटले असेल. कोल्हापूरच्या पागेतल्या मोतद्दाराला वाटले नसते. तरीही या अभ्यासातून आवड कळते, गुण कळत नाही. घोड्यांच्या आतड्यांवर या पानांचा काय परिणाम होतो, याचे नीट बेतलेले प्रयोग थोडेच आहेत. मेथीची चिमूट चंदीला रुची आणते आणि दमलेला घोडा तोंड घालतो, एवढेही काही कमी नाही. त्यापुढचा दावा करणाऱ्याने तो सिद्ध करावा.

मराठी संतकथांमध्ये हा विचार फार पूर्वी, वेगळ्या वाटेने आलेला आहे. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. एकनाथांनी रामेश्वरासाठी नेलेली कावडीतली गंगा वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली. दोन्ही गोष्टी जिवात देव पाहायला शिकवतात, पण दोन्ही सारख्या नाहीत. नामदेवांच्या कथेत प्रेम ओसंडते. कुत्र्याला तूप मानवेल का, हे त्या कथेला विचारायचेच नाही. एकनाथांच्या कथेची सुरुवात गाढवाच्या कोरड्या घशापासून होते. काय द्यायचे हे तिथे देणाऱ्याच्या कावडीने ठरवले नाही, घेणाऱ्याच्या तहानेने ठरवले. घोड्यापुढे उभे राहणाऱ्याने नाथांच्या बाजूला उभे राहावे.

या जिल्ह्याला जैन विचारही जवळचा आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यभागी ठेवले आहे. द्वेष नसतानाही, केवळ लक्ष न दिल्यामुळे इजा होऊ शकते आणि तिची जबाबदारी टळत नाही. ही कसोटी कोल्हापूरच्या भाविक मनाला अलीकडे दोनदा सोसावी लागली. २००७ साली जोतिबाला अर्पण झालेला 'सुंदर' नावाचा हत्ती त्याच्या निगेवरून उठलेल्या वादानंतर न्यायालयाच्या आदेशाने २०१४ मध्ये बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याला गेला. २०२५ च्या जुलैअखेर नांदणीच्या जैन मठाची हत्तीण महादेवी, लोकांची माधुरी, जामनगरच्या वनतारा केंद्रात नेली गेली आणि सारा जिल्हा हळहळला, रस्त्यावर उतरला. लोकांचे अश्रू खरे होते. तिच्या प्रकृतीविषयी विचारलेले प्रश्नही खरे होते. एकाने दुसरे खोटे पडत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न इतका जड आहे.

महाभारताच्या द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशीचा एक प्रसंग आहे. सूर्य पश्चिमेकडे कलू लागलेला, प्रतिज्ञा पुरी व्हायची आहे, आणि अर्जुनाचे घोडे बाणांनी विंधलेले, तहानलेले. अर्जुन रथातून उतरून शत्रूला थोपवतो, बाणाने जमीन भेदून पाणी काढतो. कृष्ण भर रणांगणात घोडे सोडतो. त्यांच्या अंगातले बाण काढतो, हातांनी अंग चोळतो, पाणी पाजतो, जमिनीवर लोळू देतो, चारा घालतो, आणि मगच पुन्हा जुंपतो. अश्वविद्येसाठी नावाजलेल्या नकुलाची इथे गरज पडली नाही. प्रत्यक्ष देवाने मोतद्दाराचे काम केले. त्या कामात मसाला कुठेच नाही. विसावा, जखमेची निगा, पाणी, चारा: क्रम असा आहे.

कोल्हापूरच्या शेजारी, बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी पायी आळंदीला जातात. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढे चालतात, रिंगणात धावतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कुणी बसत नाही, कारण त्यावर माउली आहेत अशी वारकऱ्यांची श्रद्धा. त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. त्या गर्दीत, आषाढाच्या दमट हवेत, लांबच्या चालीनंतर त्या अश्वाला काय द्यावे हे ठरवण्याचा अधिकार सांभाळणाऱ्याचा. आज त्याने पाणी किती प्यायले, लीद घट्ट आहे की पातळ, सकाळची चंदी संपवली की शिल्लक ठेवली, मागे वळून कुशीकडे बघतो आहे का, पुढच्या पायाने माती उकरतो आहे का, हे त्याला ठाऊक असते. मेथीची चिमूट द्यायची असेल, तर ती त्याच्या हातून, त्याने मान हलवल्यावर. नाही म्हणाला, तर ती पिशवीत परत ठेवावी आणि दवणा मूर्तीला वाहावा.