कॅमेरा जिथे उभा नव्हता

डोळे मिटायची गरज नाही. वाचण्याचा वेग तेवढा कमी करा, आणि एखाद्या वाक्यापाशी रेंगाळावंसं वाटलं तर खुशाल रेंगाळा.

आपण स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यात, अल्मेरिया शहराच्या उत्तरेला आलो आहोत. तबेर्नास नावाच्या छोट्या गावाभोवतीचं हे वाळवंट. वाळूच्या टेकड्या शोधू नका, त्या इथे नाहीत. करडी-पिवळी भुसभुशीत माती आहे, क्वचित कोसळणाऱ्या पावसाने तिला पाडलेल्या घळी आहेत आणि घळींच्या तळाशी कोरडे ठणठणीत ओढे. आजूबाजूच्या डोंगररांगा ढग अडवून धरतात, त्यामुळे वर्षाचा पाऊस अडीचशे मिलिमीटरच्याही आत. निवडुंग, घायपात आणि एस्पार्तो नावाचं चिवट गवत. बाकी ऊन.

ही जमीन ओळखीची वाटते का? थोडा वेळ या ओळखीच्या भावनेपाशीच थांबू. तुम्ही इथे पहिल्यांदाच येत आहात, तरी हा उतार, हा उजेड कुठेतरी पाहिलेला आहे. १९६४, १९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या वर्षांत सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाचे तीन वेस्टर्न सिनेमे आले आणि त्यांच्यातलं बरंचसं टेक्सास, बरंचसं मेक्सिको इथेच चित्रित झालं. ऊन भरवशाचं, मजुरी स्वस्त, पावसाने काम बंद पडायची भीती जवळपास नाही. अमेरिका ज्यांनी पाहिलेली नव्हती त्यांनी ती इथल्या मातीतून मनात साठवली. आपणही त्यांच्यातलेच.

हिवाळ्यातला एखादा साधा वार निवडू, म्हणजे गर्दी नसेल. त्या काळच्या सेटांची इथे तीन सिने-उद्यानं झाली आहेत. त्यांतल्या मिनी हॉलीवूडमध्ये आधी शिरू. समोर रुंद मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी इमारती: सलून, बँक, शेरीफची कचेरी. १९६५च्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’साठी कार्लो सिमी या वास्तुरचनाकाराने हे एल पासो गाव उभारलं. त्या सिनेमात बँकेचा मॅनेजर म्हणून जो माणूस दिसतो, तोही सिमीच. आपणच बांधलेल्या बँकेत तो मॅनेजर होऊन बसला, ही गोष्ट मला फार आवडते. शूटिंग संपल्यावर सेट पाडायचा, ही या धंद्याची रीत. इथे मात्र सिनेमात काम केलेल्या स्थानिक लोकांनी तो विकत घेतला आणि पाहुण्यांसाठी खुला ठेवला.

रस्त्याच्या मधोमध उभे राहा. इथून सगळं नीट दिसतं, कारण इथूनच ते दिसावं म्हणून रचलेलं आहे. उंच चौकोनी दर्शनी भिंती, उन्हाने पांढुरके पडलेले रंग, पाट्यांवरची झिजलेली अक्षरं.

आता एखाद्या इमारतीच्या मागे चला. अशा सेटांवर कितीतरी ठिकाणी दारामागे खोली नसते, जिन्यावर माडी नसते. तिरके टेकू असतात, फळ्यांची कच्ची बाजू असते, खिळ्यांची बाहेर आलेली टोकं असतात. कॅमेरा इथे कधीच उभा नव्हता. ‘म्हणजे सगळं खोटंच की’ असा विचार मनात आला तर त्याला हुसकावू नका. येऊ द्या, जरा वेळ बसू द्या. मग एखाद्या टेकूवर तळहात ठेवून पाहा. लाकूड ऊन धरून आहे. हा टेकू कुणीतरी मापाने कापला, तिरका धरला, ठोकला. एका सिनेमापुरती गरज होती, तरी तो साठ वर्षं वाऱ्यात उभा आहे. वेळोवेळी कुणीतरी डागडुजी केली म्हणून उभा आहे. ज्या हातांनी हे केलं त्यांच्या कामात खोटं काय होतं? मला तरी सापडत नाही, आणि अशा जागांना ‘नकली’ म्हणून मोकळं होणाऱ्यांशी माझं मुळीच जमत नाही.

त्या हातांपाशी आणखी थोडं थांबू. साठच्या दशकातलं अल्मेरिया गरीब होतं. इथली माणसं कामासाठी बार्सिलोना, फ्रान्स, जर्मनी गाठत होती. सिनेमावाले आले तेव्हा सुतारांना काम मिळालं, घोडे राखणाऱ्यांना मिळालं, आणि चेहऱ्यांनाही मिळालं. इथल्या जिप्सी वस्तीतल्या माणसांनी मेक्सिकन गावकरी उभे केले. पडद्यावर ते मागे असतात, टोपीखाली, भिंतीला टेकून. त्यांच्यातला एखादा चेहरा आठवतो का? बहुधा नाही. लिओनेने माणसाच्या डोळ्यांवर इतका जवळ कॅमेरा नेला, पण तो नायकाच्या आणि खलनायकाच्या.

सत्तरच्या दशकात वेस्टर्नची लाट ओसरली. निर्माते गेले, आणि पुढे अल्मेरियाचं पोट प्लॅस्टिकच्या हरितगृहांतल्या भाजीपाल्यावर चालू लागलं. सिनेमा अगदीच गेला असंही नाही. २०१२मध्ये ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचा एक भाग इथेच चित्रित झाला. पण रोज सकाळी ट्रक भरून माणसं सेटवर यायची, ते दिवस गेले.

आता इथून निघू. जवळच महामार्गालगत वेस्टर्न लिओने नावाची लहानशी जागा आहे. तिथे एक तांबूस लाकडी घर उभं आहे, जाड ओंडक्यांचं. त्याच्यापाशी घाईने जाऊ नका, लांबूनच बघा. १९६८च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधलं हे मॅकबेन कुटुंबाचं घर. अंगणात टेबलं मांडलेली आहेत, घरात नवी आई येणार म्हणून मुलांची लगबग चालली आहे. रातकिडे किर्र करताहेत आणि एकाएकी ते थांबतात. बाप कान टवकारतो. मग गोळ्या. सगळ्यांत धाकटा मुलगा दारातून धावत बाहेर येतो आणि समोर लांब कोट घातलेली माणसं झुडपांतून चालत येताना बघतो. बंदुकीचा आवाज होतो आणि त्यातूनच आगगाडी पडद्यावर येते.

काही आठवलं? झोका. करकरणारा झोका, अंगणात पडलेले देह, वाऱ्याने उडणारी पांढरी चादर, गब्बरसमोर एकटा उभा असलेला ठाकूरचा नातू, बंदुकीचा आवाज आणि आगगाडी. १९७५च्या ‘शोले’तला तो प्रसंग या घराच्या अंगणातून आपल्याकडे आला. रमेश सिप्पींनी तो कर्नाटकात रामनगरच्या खडकांत उभा केला. ठाकूरचं घर आणि सगळं रामगढ रचलं ते कलादिग्दर्शक राम येडेकरांनी. ते गाव नंतर उतरवलं गेलं. आज रामनगरला गेलात तर खडक भेटतील, रामगढ भेटणार नाही. ज्या घरावरून आपल्या ठाकूरच्या अंगणावर सावली पडली, ते घर मात्र इथे परक्या देशात शाबूत आहे. आपण लहानपणापासून ज्या मुलासाठी हळहळलो, त्याच्यासाठीची हळहळ इथे येऊन मागच्या आणखी एका मुलाला जाऊन मिळते. दोघेही कल्पनेतले. हळहळ खरी आहे, आणि तिला हे अंगण पुरतं. इथे हवा तेवढा वेळ घ्या.

मग ऐका. वारा आहे, मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आहे. तरी मनात एन्नियो मॉरिकोनेचं संगीत वाजू लागलंच असेल. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’च्या मुख्य धुना मॉरिकोनेने आधीच तयार केल्या होत्या आणि शूटिंग चालू असताना लिओने त्या सेटवर लावून ठेवायचा. नट त्या लयीत चालायचे. म्हणजे एकेकाळी या अंगणात ते संगीत खरोखरच हवेत होतं. नटांचे संवाद मात्र नंतर स्टुडिओत भरलेले. प्रत्येक नट आपापल्या भाषेत बोलायचा, आणि समोरचा वेगळ्याच भाषेत उत्तर द्यायचा. शब्द जुळत नव्हते, पावलं जुळत होती. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून घराभोवती एक फेरी मारा, त्याच संथ लयीत.

शेवटी तिसऱ्या उद्यानाकडे, फोर्ट ब्राव्होकडे जाऊ. तिथे गावच्या चौकात खेळ होतो. बाकांवर बसा. प्रेक्षक मोजकेच. एक माणूस घोड्यावरून येतो, भांडण होतं, गोळ्या सुटतात, एक जण पडतो. या पडण्याकडे नीट बघा. खांदा आधी टेकतो की कंबर? लगाम कुठल्या क्षणी सोडला? बाक रिकामे आहेत म्हणून त्याने पडणं सोपं केलेलं नाही. ही विद्या इथे सिनेमाच्या दिवसांपासून चालत आली आहे. फोर्ट ब्राव्होही एका स्टंटमननेच विकत घेऊन टिकवलं. २००२मध्ये आलेक्स दे ला इग्लेसिया या दिग्दर्शकाने अशाच उतारवयाला लागलेल्या स्टंटमनांवर ‘८०० बालास’ हा सिनेमा काढला, आणि तोही इथेच चित्रित केला.

टाळ्या वाजवा. चार जणांच्या टाळ्या पन्नास जणांच्या वाटाव्यात इतक्या जोरात वाजवा. पडलेला तो माणूस लांब नाही, त्याला ऐकू जातं. खेळ संपल्यावर तो कपडे झटकत, घोडा घेऊन तुमच्या बाजूने जाईल. घोड्याचं नाव विचारा. मग विचारा, असं पडायला कुणी शिकवलं. तो शिकवणाऱ्याचं नाव सांगेल, मग त्याला शिकवणाऱ्याचं, आणि कुणी कुठल्या सिनेमात कुणाच्या बदली उडी मारली तेही. उत्तर लांबलं तर लांबू द्या.