चढ मोजून निघावं

गुहागर ते रत्नागिरी हा सागरी रस्ता सायकलने एका दिवसात करायचा, तर अंतर शंभर किलोमीटरच्या आतलंच. तरीही नुसत्या किलोमीटरवर विसंबू नये. कोकणचा किनारा सपाट नाही. जांभ्याच्या सड्यावरून रस्ता खाडीकडे उतरतो, वाडी ओलांडली की पुन्हा सड्यावर चढतो. हेदवीपर्यंतच पाय बोलू लागतात. सड्यावर सावली विरळ, आणि दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. त्यामुळे पहाटेच निघून उन्हं चढण्याआधी तवसाळचा धक्का गाठायला हवा. तिथून फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड. बोट चुकली तर ताटकळणं आलंच. म्हणून बोटीची वेळ आधी विचारून निघण्याची वेळ तीवरून ठरवावी.

कुणी म्हणेल, इतका हिशेब केला तर भटकण्यातली मजाच गेली. मला उलट वाटतं. आरे-वारेच्या चढावर थांबून खालचे दोन्ही किनारे डोळे भरून बघायचे, तर हाताशी वेळ हवा, बाटलीत पाणी हवं. अंधार पडेल या धास्तीने पेडल मारणाऱ्याला समुद्र दिसतच नाही. आणि गणपतीपुळ्यालाच दिवस कलला, तर तिथेच मुक्काम करायचा, हेही बेतात आधीच धरलेलं असावं.