मंदिरातला बारा वर्षांचा विद्यार्थी



शाळेची घंटा पुन्हा वाजू लागली आहे. नवी पुस्तके, नवी दप्तरे, क्लासची फी, प्रवेशाची धावपळ यांत आपली घरे गुंतून गेली आहेत. याच दिवसांत धर्मशिक्षणाचे वर्गही सुरू होतात, आणि दरवर्षीचा तोच प्रश्न घरोघरी उभा राहतो: "यंदा दहावी आहे, रविवारी सकाळी क्लास असतो. धर्मशिक्षण एक वर्ष राहू दिले तर नाही का चालणार?"

असे विचारणाऱ्या आईवडिलांना दोष देणे सोपे आहे. परंतु स्पर्धा खरी आहे आणि त्यांची काळजीही खरी आहे. म्हणून आधी आपण एवढेच पाहू या की, आपल्या मुलांच्या शिक्षणात ख्रिस्ती श्रद्धेचे नेमके स्थान कोणते?

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू आपल्याला यरुशलेमच्या मंदिरात भेटतो. मरिया आणि योसेफ तीन दिवस व्याकूळ होऊन त्याचा शोध घेत आहेत. तो सापडतो तेव्हा काय करीत असतो? गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत असतो आणि त्यांना प्रश्न विचारत असतो. त्याच्या उत्तरांनी सारे थक्क झाले हेही लूक सांगतो, पण आधी ऐकणे, मग प्रश्न आणि मग उत्तरे, हा क्रम ध्यानात घेऊ या. पुढे तो नाझरेथला गेला, आईवडिलांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने व वयाने वाढत गेला. देवाच्या पुत्रानेही शिकण्याची वाट टाळली नाही. जी वाट तो चालला, ती आपल्यासाठी पवित्र झाली.

आता आपल्या घराकडे वळू या. मुलगी विज्ञानाचे पुस्तक घेऊन येते आणि विचारते, "यात लिहिले आहे की माणूस उत्क्रांत होत आला. धर्मशिक्षणात तर देवाने आदामाला मातीपासून घडवले असे शिकवले. खरे कोणते?" कित्येक घरांत तिला उत्तर मिळते, "असले प्रश्न विचारू नयेत." मुलगी गप्प होते. मात्र तिच्या मनात दोन कप्पे तयार होतात. एक शाळेचा, जिथे विचार करायचा. दुसरा देवळाचा, जिथे विचार करायचा नाही. पाचसहा वर्षांनी ती कॉलेजात जाते आणि दुसरा कप्पा उघडायचाच बंद होतो. बुडालेल्या वर्गांपेक्षा हे नुकसान कितीतरी मोठे आहे.

त्या मुलीला देण्याजोगे उत्तर ख्रिस्तसभेजवळ आहे. आपल्याला कोणी निर्माण केले आणि कशासाठी, हे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. ते जीवशास्त्राचा धडा देत नाही. मानवी शरीराची उत्पत्ती कशी झाली याच्या संशोधनाची वाट पोप बारावे पायस यांनी १९५० सालीच मोकळी ठेवली. माणसाचा आत्मा मात्र थेट देवाकडूनच येतो, हे त्यांनी निक्षून सांगितले. उत्क्रांतिवाद आता निव्वळ एक तर्क राहिलेला नाही, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली म्हटले. गॅलिलिओच्या बाबतीत ख्रिस्तसभेच्या धुरिणांची चूक झाली होती, हेही त्यांनीच १९९२ साली मान्य केले. सत्याला भिणारी श्रद्धा असे बोलू शकत नाही.

आनुवंशिकतेचे नियम ज्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे लावून शोधले, ते ग्रेगोर मेंडेल ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू होते. विश्व प्रसरण पावत आहे हे १९२७ साली मांडणारे आणि पुढे त्याच्या आरंभाचा सिद्धांत सुचवणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे धर्मगुरू. या सिद्धांतावरून कोणी देवाचे अस्तित्व सिद्ध करू पाहिले, तर ते फादर लमेत्र यांनाच रुचत नसे. विज्ञानाला त्याचे काम करू द्यावे, श्रद्धेला त्याच्या दाखल्याची गरज नाही, अशी त्यांची धारणा होती.

आणि आपल्या मराठीचे काय? फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आले. इथल्या लोकांची भाषा ते विद्यार्थ्यासारखे शिकले आणि १६१६ साली त्यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. पुराणाच्या आरंभीचा प्रसंग पाहा. रविवारी संध्याकाळी साष्टीतल्या एका देवळात धर्मशिक्षण चालू आहे. तिथे एक जण पाद्रीगुरूंपुढे आपले म्हणणे मांडतो: एवढ्या शिकवणुकीबरोबर आम्हाला एखादे पुराण का नसावे? गुरू रागावत नाहीत. त्यातूनच पुढची कथा सुरू होते. रविवारच्या वर्गात विचारलेला प्रश्न किती दूर जाऊ शकतो!

तेव्हा श्रद्धा ही अभ्यासाच्या जागी ठेवण्याची वस्तू नव्हे. परीक्षेपूर्वी पेनावर आशीर्वाद घ्यावा, मेणबत्तीही लावावी; पण न सोडवलेली गणिते मेणबत्ती सोडवत नाही. श्रद्धा आणखी काही देते. कॉपी करण्याची संधी असताना हात आवरण्याचे बळ ती देते. मिळालेले ज्ञान कोणासाठी वापरायचे, हे ती विचारते. आणि निकालाच्या दिवशी, जेव्हा घरात कोणी जेवत नाही, नातेवाइकांचे फोन उचलले जात नाहीत आणि बेचाळीस टक्के मिळालेला मुलगा कोपऱ्यात बसून असतो, तेव्हा श्रद्धाच आपल्याला त्याच्याजवळ जाऊन बसायला सांगते. तो देवाची प्रतिमा आहे, हे कोणत्याही गुणपत्रिकेवर छापलेले नसते. ते त्याला आपल्याकडूनच कळायला हवे.

यंदा आपण तीन गोष्टी करू या. दहावी-बारावीच्या मुलांसाठी रविवारची मिस्सा आणि धर्मशिक्षणाचा तास राखून ठेवू या. क्लासची वेळ बदलता येते का, हे एकदा विचारून तरी पाहू या. मुलांच्या प्रश्नांना गप्प न करता, उत्तर ठाऊक नसेल तर "चल, मिळून शोधू" असे म्हणू या. आणि आपल्यातल्या शिकलेल्या तरुणांनी शेजारच्या एका तरी मुलाला संध्याकाळचा तासभर द्यावा. ज्याच्याकडे क्लासची फी नाही, त्याच्यासाठी तीच शुभवार्ता आहे.

दृढीकरण संस्कारात मिळणाऱ्या पवित्र आत्म्याच्या सात वरदानांमध्ये सुज्ञता, समज आणि ज्ञान ही वरदानेही आहेत. ती आपल्या मुलांमध्ये फुलावीत म्हणून, ज्ञानाचे आसन असलेल्या पवित्र मरियेच्या मध्यस्थीने आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू मंदिरात बसून ऐकलेस आणि प्रश्न विचारलेस. आमच्या मुलांना शिकण्याची गोडी दे, शिक्षकांना धीर दे आणि आम्हा पालकांना तुझ्या आईसारखे सारे काही अंतःकरणात साठवण्याची कृपा दे. आमेन.