अजाणाची संमति

ज्याच्या शरीरावर उपचार व्हावयाचा त्याची संमति आधीं घेतली पाहिजे, हा आजच्या वैद्यकनीतीचा पहिला दंडक आहे. व्यक्तीच्या देहावर व मनावर त्या व्यक्तीचीच सत्ता चालावी, असें जॉन स्टुअर्ट मिल्लनें स्वातंत्र्यावरील आपल्या ग्रंथांत १८५९ सालींच प्रतिपादिलें. पण हें तत्त्व प्रौढांपुरतें आहे, मुलांना तें लागू नाहीं, असेंहि त्यानें तेथेंच बजावून ठेविलें. हा अपवाद योग्यच आहे. परंतु अपवाद सांगितल्यानें प्रश्न सुटत नाहीं. तो मुलाकडून आईबापांकडे येतो, इतकेंच. ज्याला ‘हो’ म्हणतां येत नाहीं, त्याला ‘नाहीं’हि म्हणतां येत नाहीं. अशा जीवाच्या वतीनें कागदावर सही करणारा मनुष्य कोणत्या अधिकारानें ती करतो, आणि त्या अधिकाराची मर्यादा कोठें, याचा विचार वाचकांनीं आमच्याबरोबर घटकाभर करावा, अशी आमची विनंति आहे.

हा प्रश्न आज आमच्यापुढें केवळ पुस्तकी स्वरूपांत उभा नाहीं. आमच्या पुतणीच्या पांच महिन्यांच्या मुलीच्या कंबरेवर, पाठीच्या मध्यरेषेवर, केंसांचा एक लहानसा झुबका आहे. मुलगी हंसते, पालथी पडते, पाय झाडते. तिला कसलाहि त्रास नाहीं. पण अशा खुणेखालीं कधीं कधीं मज्जारज्जूचें टोंक खालच्या भागांत चिकटून राहिलेलें असतें. निरोगी मुलांत हें टोंक मोकळें असून शरीर वाढतांना कण्याच्या मानानें वर सरकतें. चिकटलेलें असल्यास मूल वाढतें तशी रज्जू ताणली जाते, आणि पुढें पायांतील बळ व मलमूत्रावरील ताबा यांना धोका पोंचतो. एकदां गेलेलें बळ पुरतें परत येईलच असें नाहीं; म्हणून वेळींच कळणें महत्त्वाचें. पहिल्या कांहीं महिन्यांत मणक्यांच्या कमानी पुरत्या हाडाच्या झालेल्या नसतात, त्यामुळें सोनोग्राफीनें आंतील अंदाज येतो. पुढें तो मार्ग अरुंद होत जातो. म्हणून डॉक्टरांनीं एम्. आर्. आय्. तपासणी सुचविली आहे. तींत क्ष-किरण नसतात, बलवान् चुंबक व रेडिओलहरी यांचें तें काम. परंतु त्या धडधडणाऱ्या नळकांड्यांत अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहावें लागतें. अगदीं नवजात मुलाला पोटभर पाजून, दुपट्यांत गुंडाळून हें कधीं कधीं साधतें. पांच महिन्यांच्या चपळ मुलीपाशीं तें सहसा साधत नाहीं. म्हणून तिला औषधानें निजवावयाचें.

‘हसत्याखेळत्या पोरीला उपाशी ठेवून गुंगी कसली देतां?’ असा मुलीच्या आजीचा सवाल आहे. तो हंसण्यावारीं नेण्याजोगा आम्हांस वाटत नाहीं. तान्ह्या मुलाला गुंगी देण्याची रीत आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कित्येक आया गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत मुलांना अफू घातलेली बाळगोळी देऊन कामावर जात. त्या क्रूर नव्हत्या; मूल ठेवावयास जागा नव्हती आणि पोटाची खळगी भरावयाची होती. तरीहि ती झोप मुलाच्या हिताची नव्हती, ती इतरांच्या गरजेची होती. मनुष्याला केवळ साधन मानूं नये, तो स्वतःच साध्य आहे, असें कांटनें १७८५ सालीं सांगितलें. हें सूत्र पाळण्यापाशीं लावलें म्हणजे पहिली कसोटी हातीं येते: ही झोप कोणासाठीं? मूल शांत राहिलें म्हणजे आपलें काम सुलभ होतें, एवढेंच उत्तर असेल तर ती बाळगोळीच होय, मग ती देणारा कितीहि शिकलेला असो.

दुसरी कसोटी याहून सूक्ष्म आहे, कारण ती आईबापांच्या प्रेमालाच लावावी लागते. ही तपासणी मुलाच्या हितासाठीं कीं आपल्या मनःशांतीसाठीं? कंबरेच्या अगदीं खालच्या टोंकाशीं, गुदद्वाराजवळ, एखादी लहान उथळ खळी पुष्कळ निरोगी मुलांना असते; दुसरी कोणतीहि खूण नसेल तर तिच्यासाठीं अशी तपासणी सहसा करूं नये, असेंच जाणते डॉक्टर सांगतात. तेथें ‘एकदां पाहून टाकूं’ असा हट्ट धरणारे आईबाप आपल्या भीतीचें औषध मुलाच्या अंगांत टोंचीत असतात. केंसांचा झुबका, चरबीची गांठ किंवा वर असलेली खोल खळी यांची गोष्ट वेगळी. तेथें जें कळेल त्यावरून पुढील वर्तन बदलावयाचें असतें: शस्त्रक्रिया करावी, नुसती नजर ठेवावी, कीं चिंता सोडावी. जें ज्ञान मुलाच्या वाट्याला कांहीं देऊं शकतें त्यासाठींच मुलाला कष्ट द्यावे; एरवीं आपली हुरहूर आपणच सोसावी.

या कष्टांचें माप प्रामाणिकपणें घेतलें पाहिजे. तीन वर्षांखालील मुलांना वारंवार अथवा तीन तासांहून अधिक वेळ दिलेल्या भुलीविषयीं अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २०१६ सालीं सावधगिरीचा इशारा दिला. उलट, एका तासाहून कमी वेळ एकदांच भूल मिळालेल्या अर्भकांची वाढ अनेक देशांतील वैद्यांनीं पांच वर्षांच्या वयापर्यंत तपासली, तेव्हां त्यांच्या बुद्धींत उणेपणा आढळला नाहीं. हा निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे भय निराधार नाहीं, पण त्याला सीमा आहे. मौनाचा अर्थ सोईचा लावण्याची खोड मात्र मोठ्यांना जुनीच आहे. नवजात मुलांना वेदना फारशा कळत नाहींत, अशा समजुतीनें एके काळीं कित्येक ठिकाणीं त्यांच्यावर अत्यल्प भुलीवर शस्त्रक्रिया होत. १९८७ सालीं ऑक्सफर्ड येथें डॉ. आनंद व त्यांचे सहकारी यांनीं अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचा अभ्यास करून दाखविलें कीं, पुरेशी भूल मिळाल्यास त्यांच्या शरीराला बसणारा हादरा व मागून होणारे उपद्रव कमी होतात. जें बोलत नाहीं त्याला सोसावें लागत नाहीं, ही समजूत तेव्हां ढांसळली.

आतां राहिली तयारीची बाब. अनेकांस ती केवळ व्यवस्थेची वाटेल. आम्हांस तींतच नीतीचा खरा कस दिसतो. सही करावयास क्षण पुरतो, ती पाळावयास रात्र जागावी लागते. आईचें दूध भुलीच्या सुमारें चार तास आधीं व वरचें दूध सहा तास आधीं बंद करावें, असा सामान्य नियम आहे. ज्या त्या मुलासाठीं भूलतज्ज्ञ सांगेल ती वेळ प्रमाण. कारण असें कीं, त्या झोपेंत घशाची राखण करणारी शक्ति मंदावते, आणि पोटांतील दूध वर येऊन फुप्फुसांत उतरूं शकतें. पहांटे मूल भुकेनें रडूं लागेल. आईचा पान्हा दाटून येईल. आजी म्हणेल, ‘दोन घोट दिल्यानें काय बिघडतें?’ त्या क्षणींची दया ही खरी दया नव्हे. ठरलेल्या वेळेच्या थोडें आधीं मुलाला उठवून पाजणें, मग त्याला बापाच्या खांद्यावर देणें, आणि घरांतील प्रत्येकाला नियमाचें कारण समजावून सांगणें, ही खरी दया. सर्दी, ताप, खोकला असल्यास तारीख हुकेल म्हणून तो लपवूं नये. चुकून दूध दिलें गेलें असेल तर लाज न धरतां सांगावें. निजलेल्या मुलाचा श्वास व रक्तांतील प्राणवायु यांवर कोण लक्ष ठेवणार, हें विचारणें उद्धटपणाचें नाहीं. मुलाला तोंड असतें तर त्यानें हाच प्रश्न विचारला असता.

यावरून आईबापांचा अधिकार मालकाचा नसून विश्वस्ताचा आहे, असें आमचें मत होतें. विश्वस्ताला दुसऱ्याचें धन आपल्या लहरीप्रमाणें खर्चितां येत नाहीं, तसें भीतीनें कुलुपांत कुजवितांहि येत नाहीं; आणि एके दिवशीं हिशेब द्यावाच लागतो. हा हिशेब मागणारी व्यक्ति आज पाळण्यांत आहे. वीस वर्षांनीं ती विचारील, ‘मला न विचारतां तुम्हीं हें कां केलें?’ किंवा, तपासणी टाळली असेल तर, ‘ठाऊक असून कां केलें नाहीं?’ निदान चांगलें निघो वा वाईट, फळ कोणाच्याच हातचें नाहीं. परंतु ‘तुझ्या हितावांचून दुसरा हेतु आम्हीं मध्यें येऊं दिला नाहीं, जें कळण्याजोगें होतें तें विचारून घेतलें, आणि तुझ्या रडण्यापुढें नियम मोडला नाहीं,’ एवढें ज्यांना सांगतां येईल त्यांनीं अजाणाची संमति घेतलीच, असें म्हणण्यास आम्हांस प्रत्यवाय दिसत नाहीं.